अयुथयाला मुक्काम करा : टुकटुक, देवळं आणि विटा

पुण्याहून बँकॉक-पट्टायाला निघालेल्या कुणीही विचारलं तर मी एकच सांगतो : थायलंडची जुनी राजधानी असलेल्या अयुथयाला अर्ध्या दिवसाची बस घेऊ नका. तिथे मुक्काम करा आणि तासाच्या बोलीवर टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, घेऊन फिरा. आम्ही हे दोन्ही प्रकार अनुभवले, म्हणून दोन्हींबद्दल लिहितोय.

आधी बसचं. पुण्यातल्याच एका टूर कंपनीच्या ग्रुपबरोबर आम्ही गेलो होतो. मी, माझी बायको आणि ७६ वर्षांची आई. कार्यक्रमपत्रिकेत ‘प्राचीन राजधानी अयुथया’ असं ठळक अक्षरात छापलेलं. प्रत्यक्षात बँकॉकच्या ट्रॅफिकमधून ८० किलोमीटर जायचं, एका देवळापाशी उतरायचं, झाडाच्या मुळांतल्या बुद्धाच्या शिराचा फोटो काढायचा आणि परत बसमध्ये. आई फाटकापासून चालत झाडापर्यंत पोचते न पोचते तोच टूर मॅनेजर झेंडा वर करून सगळ्यांना बोलवायला लागला. परतीच्या वाटेवर दागिन्यांच्या शोरूममध्ये मात्र आम्हाला देवळापेक्षा जास्त वेळ बसवून ठेवलं. पैशांचं सोडा, पण ४१६ वर्षं राजधानी राहिलेलं शहर असं गुंडाळलेलं पाहून मला फार वाईट वाटलं. कंपनीला मी हे लेखी कळवलंय.

माझा धंदा जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचा. कसबा, शनिवार, नारायण पेठेत चुना, विटा आणि सागवानी तुळयांच्या संगतीत माझे दिवस जातात. त्यामुळे त्या पाऊण तासात मला जेवढं दिसलं, तेवढ्याने चैन पडेना. ग्रुप पुण्याला परतला, आम्ही तिकिटं पुढे ढकलली आणि तिघंच रेल्वेने परत अयुथयाला गेलो.

रेल्वेचा प्रवास मला बसपेक्षा कितीतरी सुखाचा वाटला. बँकॉकच्या नव्या क्रुंग थेप अफिवत स्थानकातूनही गाड्या सुटतात आणि जुन्या हुआ लाम्फोंगहूनही. तिसऱ्या वर्गाचं तिकीट २० बाटच्या आसपास, म्हणजे आपले पन्नास-साठ रुपये. खिडक्या उघड्या, पंखे चालू, मधूनच डब्यात फळं नि खाऊ विकायला बायका येतात. दीड-दोन तासांत अयुथया. स्टेशन पासाक नदीच्या पूर्वेला आहे आणि जुनं शहर नदीपलीकडच्या बेटावर. चाओ फ्राया, पासाक आणि लोपबुरी अशा तीन नद्यांनी वेढलेली ही जागा १३५१च्या सुमाराला राजा ऊ थोंगने राजधानीसाठी निवडली, ती का, हे पूल ओलांडतानाच कळतं. चारी बाजूंनी पाणी, आणि समुद्राकडून येणारा सगळा व्यापार दाराशी.

आता टुकटुक. अयुथयाची टुकटुक बँकॉकच्या टुकटुकपेक्षा वेगळी. पुढचं नाक गोल, बेडकासारखं फुगलेलं, मागे समोरासमोर दोन बाकं आणि चढायचं मागच्या बाजूने. आम्ही उतरलो होतो त्या गेस्ट हाउसच्या मालकिणीने फोन करून एका बाईंना बोलावून दिलं. पन्नाशीच्या असाव्यात, स्वतः गाडी चालवणाऱ्या. तासाला २५० बाट ठरले, तेही गाडीत बसायच्या आधी, फोनवर आकडा लिहून दाखवून. संध्याकाळी हिशेब करताना त्यांनी एक बाटही वाढवून मागितला नाही. उलट दुपारी आम्ही जेवायला थांबलो तो वेळ स्वतःहून वजा केला.

मला त्यांचं सगळ्यात पटलं ते वेळेचं गणित. सकाळी आठला, भग्नावशेषांची फाटकं उघडताच पोचायचं. तिथे छप्पर नाही, सावली नाही आणि अकरा वाजता विटा तापायला लागतात. दुपारी जी देवळं आजही नांदती आहेत, जिथे छप्पर आहे, पंखे आहेत, बसायला गालिचा आहे, तिथे न्यायचं. ऊन कललं की नदीकाठी. आईसाठी दर ठिकाणी त्या फाटकाच्या अगदी जवळ गाडी लावायच्या. चढताना खाली एक छोटं लाकडी स्टूल ठेवायच्या, आईचा हात धरायच्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण दुपारपर्यंत आई त्यांना आपल्या डब्यातली खजुराची वडी देत होती आणि त्या घेत होत्या.

उणिवाही सांगतो. बाकाला टेकायला नीट पाठ नाही, कंबर दुखणाऱ्यांनी उशी न्यावी. आणि चालक म्हणजे गाईड नव्हे. कुठलं देऊळ कधी बघावं हे त्यांना पक्कं माहीत, पण ते कुणी आणि का बांधलं हे त्या सांगू शकत नाहीत. देवळांतल्या पाट्या थाई आणि इंग्रजीत आहेत, बऱ्यापैकी नीट लिहिलेल्या. तरी जाण्याआधी थोडं वाचून गेलात तर फरक पडतो. म्हणून पुढे जरा सविस्तर लिहितो.

वाट म्हणजे थाई भाषेत देऊळ. वाट महाथातपासून सुरुवात करा. हे १३७४ साली सुरू झालेलं, शहराच्या मध्यावरचं मोठं देऊळ. इथला मुख्य प्रांग, म्हणजे ख्मेर धाटणीचं उंच शिखर, १९११ साली कोसळला. आज फक्त त्याचा तळ उरलाय. त्यात खालच्या बाजूला चक्क जांभा दिसतो, आपल्या कोकणातल्यासारखा, आणि वर वीटकाम. मी तिथेच उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिलो. वळचणीच्या कोपऱ्यांत, पाऊस जिथे थेट पोचत नाही, तिथे गिलाव्याचे पापुद्रे अजून टिकून आहेत. त्यावर पाकळ्यांची नक्षी बोटाने चाचपता येईल इतकी ठसठशीत, अर्थात हात लावायचा नाही. थाई गिलाव्यात चुन्याबरोबर उसाचा रस आणि कातड्याचा सरस घालायची रीत होती. आपल्याकडे दगडी चाकाच्या घाणीत मळलेल्या चुन्यात गूळ आणि बेलफळ घालत. चुना हळूहळू घट्ट व्हावा, तडकू नये, म्हणून दोन्हीकडच्या गवंड्यांनी गोड पदार्थच शोधावा, याचं मला फार अप्रूप वाटलं. आजूबाजूचे बरेच चेदी, म्हणजे स्तूप, ओळंब्यात नाहीत, कुणी पूर्वेला कललाय, कुणी पश्चिमेला. जमीन नदीच्या गाळाची, पाया मऊ, आणि वर इतकं वजन.

झाडाच्या मुळांतलं शीर इथेच आहे. वाड्याच्या भिंतीत वड-पिंपळ उगवला की आमच्या पोटात गोळा येतो. मूळ दरजेत शिरतं, वीट सुटते, पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत भिंत फुगते. मी आजवर शेकडो रोपं उपटून त्यांची मुळं जाळली असतील. इथे त्याच जातीच्या झाडाने एक पडलेलं शीर असं अलगद धरून ठेवलंय की डोळे, नाक, ओठांवरचं स्मित सगळं शाबूत. फोटो काढायचा तर खाली बसूनच काढायचा, आपलं डोकं बुद्धाच्या शिरापेक्षा वर जाता कामा नये. पहारेकरी हे सगळ्यांना हाताने खुणावून सांगतो आणि ते योग्यच आहे. आईला खाली बसणं जमत नाही, तर तिने लांबूनच हात जोडले. बाकी आवारात शिर नसलेल्या मूर्तींच्या रांगाच्या रांगा आहेत. काही युद्धात फुटल्या, कितीतरी नंतरच्या काळात मूर्तिचोरांनी कापल्या. त्यांच्या धडावर स्वतःचं डोकं ठेवल्यासारखा फोटो काढणारे महाभाग आमच्या ग्रुपमध्येही होते. कृपा करून असं करू नका.

रस्त्यापलीकडेच वाट रात्चाबुराना. बसवाले इथे थांबत नाहीत आणि मला सगळ्यात आवडलेलं देऊळ हेच. गादीसाठी दोन राजपुत्र हत्तीवरून एकमेकांशी लढले आणि दोघेही मारले गेले. धाकटा तिसरा भाऊ राजा झाला. त्याने भावांना अग्नी दिला त्या जागी १४२४ साली हे देऊळ बांधलं. इथला प्रांग उभा आहे, वर चढता येतं, आणि आतून खाली तळघरात उतरता येतं. जिना इतका उभा आणि अरुंद की मी कठड्याला धरून, तोंड जिन्याकडे करून, उलट्या पावलांनी उतरलो. खाली हवा कोंडलेली, एका वेळी दोन-तीन माणसं मावतील एवढीच जागा. भिंतीवर पंधराव्या शतकातली चित्रं, लाल रंग अजून ओळखू येतो. डोळे सरावायला वेळ द्या, घाईघाईने वर येऊ नका. गुडघे दुखत असतील, दम्याचा त्रास असेल तर मात्र खाली उतरू नका.

१९५७ साली या तळघरात चोर शिरले आणि बरंचसं सोनं घेऊन गेले. त्यानंतर पुरातत्त्व खात्याने उरलेलं काढलं. ते आता चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे. १९६१ साली उघडलेलं हे संग्रहालय उभं राहिलं तेही याच देवळात सापडलेल्या छोट्या बुद्धमुद्रांवर मिळालेल्या देणग्यांतून. सोन्याचा गुडघे टेकलेला, रत्नं जडवलेला छोटा हत्ती पाहा. पाठीवर अंबारी, झुलीवर बारीक नक्षी. माझी बायको त्या काचेपाशी उभी राहिली ती राहिलीच. म्हणाली, “अहो, चोरांनी काय नेलं असेल हो मग?” देऊळ सकाळी आणि संग्रहालय दुपारी, असा क्रम ठेवा. एसी आहे, आईसारख्यांना विसावाही मिळतो.

वाट फ्रा सी सानफेतला तीन उंच चेदी ओळीने उभे आहेत, अयुथयाच्या चित्रांत नेहमी दिसतात ते. तीन राजांच्या रक्षा त्यांत ठेवल्या. हे राजवाड्याच्या आवारातलं देऊळ, इथे भिक्खू राहत नसत. १५०० साली इथे १६ मीटर उंच उभी बुद्धमूर्ती घडवली, तिच्यावर सोन्याचा पत्रा होता. १७६७ साली बर्मी फौजेने शहर घेतलं तेव्हा ते सोनं वितळवून नेलं.

त्या सालापाशी मी थबकलो. पानिपत १७६१चं. त्यानंतर सहा वर्षांनी, पुण्यात थोरले माधवराव कारभार सावरत होते त्या काळात, इथे १४ महिन्यांच्या वेढ्यानंतर तट फुटला आणि ७ एप्रिलला शहर पेटवलं गेलं. शेजारी राजवाड्याची जागा आहे. नुसती जोती, गवत आणि पाट्या. १८२८च्या आगीनंतर शनिवारवाड्यात जे उरलं, ते पाहत मी मोठा झालो, त्यामुळे जोत्यांवरून दालनं मनात उभी करायची मला सवय आहे. इथे मात्र आगीवरच थांबलं नाही. १७८२ साली बँकॉक राजधानी झाली, तेव्हा तटबंदी आणि इमारतींसाठी इथल्या विटा नावांत भरून नदीने खाली नेल्या. ज्या बँकॉकमध्ये आपण खरेदी करतो, त्याच्या जुन्या भिंतींत अयुथयाची वीट आहे. हे बसमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

लागूनच विहान फ्रा मोंगखोन बोफित. आत काशाची प्रचंड बैठी मूर्ती. मोडलेला हा विहार १९५०च्या दशकात पुन्हा उभारला, त्यात बर्माचे पंतप्रधान ऊ नू यांनी दिलेली देणगीही होती. ज्यांनी जाळलं त्यांच्याच देशाने हातभार लावला, हे ऐकून आईने दानपेटीत आपल्याही नोटा टाकल्या.

दुपारी वाट फनान चेंग. हे देऊळ शहराच्याही आधीचं, १३२४ सालचं, आणि १९ मीटर उंच सोनेरी बुद्ध आजही पूजेत आहे. चिनी वंशाच्या लोकांची इथे मोठी श्रद्धा, आमच्या शेजारी अख्खी कुटुंबं उदबत्त्या घेऊन बसलेली. भाविक भगव्या कापडाच्या घड्या अर्पण करतात. मूर्तीच्या मांडीवर उभे असलेले सेवक त्या झेलतात, बुद्धाच्या खांद्यावर चढवतात आणि कापडाचं दुसरं टोक खाली बसलेल्यांच्या डोक्यांवरून सोडतात. पाच-पन्नास माणसं एकदम त्या भगव्या कापडाखाली. आई मधोमध बसली होती, तिच्यावरूनही ते गेलं. तिने पदर सावरला, डोळे मिटले आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, “पंढरपूरला पायावर डोकं ठेवायला मिळतं ना, तसं वाटलं बघ.” आमच्या सगळ्या सहलीत आई इतकी खूश दुसरीकडे कुठेच दिसली नाही.

वाट याय चाय मोंगखोन सगळेच बघतात, तर थोडक्यात. १५९३मध्ये नरेसुआन राजाने बर्मी युवराजाला हत्तीवरच्या द्वंद्वात हरवलं, त्या विजयाचं स्मारक म्हणून मोठा चेदी दाखवतात. भोवती भगवी वस्त्रं पांघरलेल्या बुद्धमूर्तींची ओळ. सुंदर आहे, पण बसगाड्याही इथेच येतात. दहाच्या आत जा.

संध्याकाळ वाट चायवत्थानारामसाठीच राखून ठेवा. राजा प्रासात थोंगने १६३० साली आईच्या स्मरणार्थ चाओ फ्रायाच्या पश्चिम काठावर बांधलेलं. मधला प्रांग ३५ मीटर, भोवती आठ लहान शिखरं आणि त्यांना जोडणाऱ्या ओवरीत ओळीने बसलेले, बहुतेक शिर नसलेले बुद्ध. शिखरांच्या आत लाकडी छताचे अवशेष आणि बाहेरच्या भिंतींवरचे गिलाव्यातले उठाव पाहायला विसरू नका. एका गाजलेल्या ऐतिहासिक मालिकेनंतर तरुण मुलं-मुली जुन्या थाई पोशाखात इथे फोटो काढायला येतात, समोरच कपडे भाड्याने मिळतात. मला ते खटकलं नाही. आपला इतिहास असा हौसेने अंगावर घेणारी पोरं बघून बरं वाटलं. २०११च्या महापुरात हे देऊळ पाण्यात उभं होतं. नदीच्या बाजूला आता पूर आला की उभी करायची भिंत आहे, तिची यंत्रणा मी वाकून वाकून पाहिली. मुठेच्या काठी राहणाऱ्या माणसाला त्यात रस वाटणारच.

खाण्याचं. शाकाहारी मंडळींनी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेली दुकानं शोधावीत. तिथे मांस, मासे, अंडी काहीच नसतं. इतरत्र भाज्यांतही माशांचा सॉस असतो, ‘भाजी आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. इथल्या प्रसिद्ध बोट नूडल्स आपल्यासाठी नाहीत. आईने दोन वेळा मेतकूट-भातावर भागवलं, तांदूळ शिजवून द्यायला गेस्ट हाउसच्या मालकिणीने आनंदाने होकार दिला. पण रोटी साय माय मात्र खाच. पातळ, हिरवट रोट्या आणि वेगळ्या पिशवीत साखरेच्या रंगीत तारा. आपणच रोटीत तारा घालून गुंडाळी करायची. ऊ थोंग रोडवर, सरकारी इस्पितळाजवळ याची दुकानं ओळीने आहेत. रोट्या ताज्या, ऊनऊन घ्या, दुसऱ्या दिवशी त्या कडक होतात.

खर्चाचं : परदेशी माणसाला मोठ्या भग्नावशेषांत दर ठिकाणी ५० बाट, आणि सहा ठिकाणांचं एकत्र तिकीट २२० बाट असा दर आम्हाला लागला. जाण्याआधी ताजे दर पाहा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. नांदत्या देवळांत पायताण बाहेर, आणि दुपारी फरशी अशी भाजते की पायमोजे जवळ हवेतच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. हत्तीवरून देवळांभोवती फेऱ्या मारण्याचा धंदा चालतो, आम्ही तिकडे गेलो नाही आणि तुम्हीही जाऊ नका. डांबरी रस्त्यावर भर उन्हात उभे केलेले ते हत्ती बघवत नाहीत.

मुक्काम जमतच नसेल आणि हाताशी एकच दिवस असेल, तर सकाळी सातच्या आत बँकॉकहून गाडी पकडा. स्टेशनबाहेर टुकटुक ठरवताना तासाचा दर लिहून घ्या. आधी महाथात आणि रात्चाबुराना, मग सी सानफेत, दुपारी फनान चेंग, शेवटी चायवत्थानाराम. परतीची संध्याकाळची गाडी कधी आहे ते सकाळी उतरल्या उतरल्याच तिकीट खिडकीवर विचारून ठेवा. गाड्यांना उशीर होतो, त्यामुळे त्याच रात्रीचं पुण्याचं विमान ठेवू नका.